गाळणीत उरलेल्या बिया

कुंभार पिंपळगावच्या बाजारात मोसंबीच्या रसाच्या गाड्यावर मी घरून आणलेली बाटली पुढे केली, तर गाडेवाल्याने हात आखडता घेतला. म्हणाला, "घरी न्यायचा असंल तर नका नेऊ. इथंच प्या. तासाभरात कडू पडतो, मग लोक आम्हालाच बोल लावतात." त्याच्या गाळणीत पांढरट बियांचा ढीग साचला होता. तो त्याने शेजारच्या बादलीत झटकला आणि पुढची मोसंबी यंत्राखाली धरली.

रस कडू पडतो, याचं उत्तर त्या गाळणीत बरंचसं सापडतं. साल चिरडली गेली की कडवटपणा लगेच येतो, तो वेगळा. ठेवल्यावर येणारा कडूपणा लिमोनिन नावाच्या द्रव्याचा असतो. मोसंबीच्या फोडींच्या पापुद्र्यात त्याचं एक पूर्वरूप असतं, ते चवीला कडू लागत नाही. रस पिळताना पेशी फुटतात, आंबट रसाशी त्याची गाठ पडते आणि हळूहळू त्याचं लिमोनिन तयार होतं. दहा लाख भाग रसात पाच-सहा भाग लिमोनिन असलं तरी जिभेला कळतं. बियांमध्ये मात्र ते तयारच असतं, आणि पापुद्र्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून मोसंबी मिक्सरला लावायची असेल तर आधी बिया काढा. पातं बीवरून फिरलं की तो रस साखर घालूनही सुधारत नाही.

घनसावंगी आणि अंबड तालुक्यांचा हा पट्टा मोसंबीचा. २०१६ साली जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१२-१३ च्या दुष्काळात डोळ्यांदेखत बागा वाळल्या, तरी लोकांनी पुन्हा लावल्या. इतकं जीव लावून वाढवलेल्या फळाची बी आपण थुंकून टाकतो आणि दुसऱ्या कुठल्याशा फळाच्या बियांचा अर्क चकचकीत बाटलीतून विकत घेतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे औषधाच्या दुकानात, बाजारात, फोनवर आलेल्या निरोपांत या अर्कांचा फार बोलबाला आहे. जांभूळबीचा अर्क, द्राक्षबीचा अर्क, पपईच्या बियांची पावडर. कुणी विचारतं, घ्यावा का? त्याआधी बीमध्ये असतं काय आणि अर्क काढला की त्याचं होतं काय, हे समजून घ्यायला हवं.

अर्क म्हणजे काय, हे आपल्या शेतकऱ्याला नव्याने शिकवावं लागत नाही. लिंबोळ्यांची पाच किलो भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून टाकायचा आणि एकूण शंभर लिटर पाणी करून त्याच दिवशी फवारायचं. हा पाच टक्के निंबोळी अर्क कपाशीवर आणि तुरीवर पिढ्यान्‌पिढ्या नसला तरी बरीच वर्षं चालत आला आहे. त्यातलं काम करणारं द्रव्य आझाडिरॅक्टिन. आणि गंमत अशी, की लिंबोळीतलं आझाडिरॅक्टिन आणि मोसंबीच्या बीतलं लिमोनिन ही एकाच घराण्यातली द्रव्यं आहेत. त्या घराण्याचं नावच लिमोनॉइड. कडुलिंबाची कडू लिंबोळी आणि गोड मोसंबीची कडू बी यांचं नातं असं रसायनात लागतं.

झाड फळाचा गर गोड करतं ते पाखरांनी, माकडांनी, माणसांनी तो खावा म्हणून. बी मात्र कुणी चावू नये अशीच झाडाची इच्छा असते, कारण बीमध्ये पुढचं झाड असतं. म्हणून बीमध्ये दोन गोष्टी ठासून भरलेल्या असतात. एक, कोंबासाठी शिदोरी: तेल, पिष्ट, प्रथिनं. दुसरी, राखणदार: कडू, तुरट, कधी सरळ विषारी द्रव्यं. वाळलेल्या मोसंबीच्या बीत वजनाच्या साधारण एक तृतीयांश तेल निघतं, ती शिदोरी. लिमोनिन आणि नोमिलिन हे राखणदार. आपण ज्याला औषधी गुण म्हणतो तो बहुतेक वेळा या राखणदारांचा असतो, आणि अर्क काढताना आपण त्यांनाच गोळा करतो. त्यामुळे अर्क गुणकारी ठरण्याची शक्यता जितकी, तितकीच तो बाधण्याचीही. प्रयोगशाळेत लिमोनॉइडांनी प्राण्यांमधल्या काही गाठींची वाढ मंदावल्याचं दिसलेलं आहे. माणसाला मोसंबीची बी वाटून द्यावी असं मात्र त्यावरून कुणी म्हणू शकत नाही. रस पिताना चुकून दोन बिया पोटात गेल्या तर काही होत नाही, तेवढ्यावर हा विषय सोडून द्या.

आता जांभळाकडे येतो. याविषयी मला सविस्तर लिहायचं आहे, आणि त्याला घरचं कारण आहे.

माझ्या वडिलांना, आबांना, बारा वर्षांपासून मधुमेह. दोन गोळ्या चालू होत्या. चार वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने त्यांना जांभूळबीच्या अर्काच्या तीन बाटल्या दिल्या आणि सांगितलं, साखर मुळापासून जाईल, गोळ्यांची गरज उरणार नाही. आबांनी गोळ्या बंद केल्या आणि आम्हाला सांगितलं नाही. दोन महिन्यांनी उजव्या पायाच्या बोटाला चप्पल लागून झालेली जखम भरेना. तपासलं तेव्हा उपाशीपोटीची साखर तीनशेच्या वर होती. ते बोट काढावं लागलं. आबा आज बरे आहेत, शेतावर जातात, पण चालताना उजवा पाय जरा जपून टाकतात. ते चालणं पाहिलं की मला त्या बाटल्या आठवतात. आबांचं नुकसान जांभळाने केलं नाही, गोळ्या बंद केल्यामुळे ते झालं. हा फरक वाचणाऱ्या प्रत्येकाने पक्का ध्यानात ठेवावा, म्हणून घरातली गोष्ट इथे मांडली.

जांभळाच्या बीत मुख्यतः पिष्ट असतं. त्याबरोबर टॅनिन, गॅलिक आम्ल आणि एलाजिक आम्ल असतात. जीभ आखडवणारा तुरटपणा त्यांचाच. जांबोलिन नावाचं एक ग्लायकोसाइडही तिच्या नावावर सांगितलं जातं. बीच्या अर्कामुळे पिष्टाची साखर करणाऱ्या पाचकरसांचा वेग मंदावतो, असं प्रयोगशाळेत दिसतं. उंदरांवरच्या कित्येक प्रयोगांत रक्तातली साखर उतरली आहे. माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांत मिळालेला उतार माफक आहे. शिवाय झाडाचा कुठला भाग, कशात काढलेला, हेही महत्त्वाचं. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे इथल्या संशोधकांनी मधुमेहींना जांभळीच्या पानांचा चहा देऊन पाहिला, साखर उतरली नाही. पानाचा गुण बीला लागू नाही आणि बीचा पानाला नाही. "जांभूळ साखरेला चांगलं" एवढ्या एका वाक्यात हे सगळं कोंबून विकलं जातं, तिथे फसगत होते.

आयुर्वेदात जांभूळबीचं चूर्ण तीन ते सहा ग्रॅम या मात्रेत सांगितलेलं आहे. सपाट चहाचा चमचा म्हणजे अडीच-तीन ग्रॅमच्या आसपास. ज्यांना ते घ्यायचं आहे त्यांनी विकतच्या अर्कापेक्षा घरी केलेलं चूर्ण घ्यावं असं माझं मत आहे, कारण त्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. मृगाच्या आसपास जांभळं येतात. पूर्ण पिकलेली घ्या. बिया पाण्यात चोळून गर पार काढून टाका, गराचा अंश राहिला की बुरशी धरते. दोन दिवस उन्हात ठेवल्या की वरचं पातळ टरफल तडकतं. ते बोटांनी सोला. आतली डाळ हिरवट असते. तिचे सुरीने दोन-चार तुकडे करा आणि सावलीत पसरा. जूनमधली हवा दमट असते, म्हणून वरून पातळ कापड आणि खालून वारा लागेल अशी बाज किंवा चाळण बघा. तुकडा दाताखाली कट्‌कन मोडला पाहिजे. नुसता दबला तर अजून ओल आहे. दळून वस्त्रगाळ करा, कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि चार महिन्यांत संपवा. कुबट वास आला किंवा पांढरी जाळी दिसली तर सगळी बरणी फेका, वरचं काढून खालचं वापरू नका. बुरशीचं विष भाजूनही जात नाही.

घेण्याची रीत अशी. आधी डॉक्टरांना सांगा. गोळी चालूच ठेवा. पहिले आठ दिवस अर्धा चमचाच घ्या आणि त्या दिवसांत ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर बघून लिहून ठेवा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर जास्त उतरण्याचा धोका असतो. घाम फुटणं, हातापायांना कंप, एकदम भूक, डोळ्यांपुढे अंधारी, असं काही झालं तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या आणि मग बाकीचा विचार करा. तुरट पदार्थाने पोट बांधतं, तेव्हा ज्यांना बद्धकोष्ठ आहे त्यांना हे चूर्ण मानवत नाही. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनी चूर्ण आणि गोळी यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं, कारण टॅनिन लोहाला धरून ठेवतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊच नये.

जांभळाच्या अगदी उलट टोकाला सीताफळाची बी. बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या सीताफळालाही बीडच्या नावाने २०१६ मध्येच मानांकन मिळालं, आणि आपल्याकडे दिवाळीच्या आधी घराघरात ते येतं. त्याच्या काळ्या बियांत स्क्वामोसिनसारखी अ‍ॅसिटोजेनिन जातीची द्रव्यं असतात. ती पेशीला ऊर्जा बनवू देत नाहीत, त्यामुळे किडे आणि उवा मरतात. हे गुण आपल्या आज्यांना माहीत होते. केसांत उवा झाल्या की बिया वाटून लावत. माझ्या मावसबहिणीला लहानपणी असा लेप लावला होता. डोकं धुताना पाणी डोळ्यांत उतरलं. दोन्ही डोळे लालभडक झाले, पापण्या उघडेनात, उजेड सोसेना. आठ दिवस ती अंधाऱ्या खोलीत होती. दृष्टी वाचली. बुबुळावरचं आवरण सोलवटून काढण्याइतकं हे द्रव्य तिखट असतं, नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद केलेली आहे. सीताफळाच्या बियांची भुकटी केसांना लावू नका, पोटात घेऊ नका आणि मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. उवांवर औषधाच्या दुकानात परमेथ्रिनचं लोशन मिळतं. आणि गर खाताना मुलांनी आख्खी बी गिळली तर घाबरू नका. तिचं कवच कठीण असतं, ती तशीच बाहेर पडते. चावली गेली तर मात्र दुर्लक्ष करू नका.

चिंचोका हा माझा आवडता. आष्टाचंगा खेळायला आपण तो फोडून, फरशीवर घासून दोन डाळिंब्या करतो. धनगरांच्या घोंगडीला जी खळ देतात तीही चिंचोक्याची. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून, पाण्यात शिजवून ती करतात. घोंगडी त्याने ताठ होते आणि तिच्यावरून पावसाचं पाणी ओघळून जातं. त्या खळीतला चिकटपणा झायलोग्लुकन नावाच्या पिष्टमय द्रव्याचा. तेच द्रव्य शुद्ध करून कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांमध्ये घालतात, कारण अश्रूंसारखं ते बुबुळावर धरून राहतं. कापडगिरण्यांत सुताला कांजी देण्यासाठी आणि खाद्यपदार्थ दाट करण्यासाठीही ते वापरतात. आमच्या घरी चूल मोडेपर्यंत निखाऱ्यावर चिंचोके भाजत. खायचे असतील तर लाल-काळं टरफल काढूनच खा. सगळं टॅनिन त्यात असतं आणि पोट त्याने घट्ट होतं. घरी खळ करून डोळ्यांत मात्र कुणी घालू नये. थेंब निर्जंतुक असतात, आपलं पातेलं नसतं.

टरबुजाच्या बिया सोलून आपण मगज म्हणून मिठाईत घालतो. त्यात पाव हिस्सा प्रथिनं, जवळपास निम्मं तेल आणि भरपूर मॅग्नेशियम. ते औषध नाही, उत्तम खाणं आहे. डाळिंबाचे दाणे बीसकट चावून खा, बीतलं तेल प्युनिसिक आम्लाचं असतं आणि चोथाही पोटाला हवाच असतो. आंब्याच्या कोयीतल्या गिरीत वाळल्यावर दहा टक्क्यांच्या आसपास लोण्यासारखं तेल निघतं, युरोपात चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जोडीला त्याला परवानगी आहे. कोकमाच्या बीचं मुठीएवढ्या लाट्या करून विकलं जाणारं तेल भेगाळलेल्या टाचांना लावा, हिवाळ्यात दुसरं काही नको. चिकूची बी टोकाला आकड्यासारखी असते, लहान मुलांच्या घशात अडकते, फोडी करून ती काढूनच द्या. पपईच्या बीत मिरीसारखा झणझणीतपणा देणारं बेंझिल आयसोथायोसायनेट असतं, आणि काळ्या मिरीत तिची भेसळही होते. जंतांवर तिचा थोडाफार उपयोग दिसलेला असला तरी शाळेत आणि अंगणवाडीत फुकट मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी सोडून बी वाटत बसायचं कारण नाही.

जर्दाळू फोडून आतली गिरी खाण्याची आपल्याला सवय आहे. गोड लागली तर ठीक. कडू लागली की लगेच थुंकून टाका. तो कडूपणा अ‍ॅमिग्डॅलिनचा, आणि पोटात त्यापासून सायनाइड सुटतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये प्रौढ माणसासाठी कच्च्या जर्दाळूगिरीची जी मर्यादा सांगितली ती तीन लहान गिऱ्यांची आहे. याच द्रव्यापासून केलेलं लेट्राइल कॅन्सरवरचं औषध म्हणून जगभर विकलं गेलं. अमेरिकेत १७८ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली, १९८२ मध्ये निष्कर्ष आले. आजार हटला नाही, उलट काही जणांच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीला पोहोचलं. आजही "बी-१७ जीवनसत्त्व" या नावाने ते निरोपांतून फिरतं. ते जीवनसत्त्व नाही.

द्राक्षबीच्या अर्काची गोष्ट जरा भरवशाची आहे. फ्रान्समधल्या बोर्दोचे झाक मास्केलिए यांनी १९४७ मध्ये शेंगदाण्याच्या लाल सालीतून प्रोअँथोसायनिडिन वेगळं केलं आणि पुढे द्राक्षबीतूनही. चाचण्यांत या अर्काने रक्तदाब थोडा खाली आल्याचं दिसलं आहे. थोडा म्हणजे थोडाच, गोळीची जागा घेण्याइतका नाही.

मोसंबीच्या नात्यातल्या ग्रेपफ्रूटच्या बीचा अर्क जंतू मारतो म्हणून जगभर खपला. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथल्या संशोधकांनी १९९९ मध्ये बाजारातले सहा अर्क तपासले. पाच अर्कांनी जंतू मारले, आणि त्या पाचही अर्कांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कारखान्यात बनणारं जंतुनाशक निघालं. सहाव्यात कुठलंही रसायन नव्हतं, त्याने जंतू मारले नाहीत. गुण बीचा नव्हता, मिसळलेल्या रसायनाचा होता. असाच अर्क घेणाऱ्या आणि वॉरफरिन ही रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या रुग्णांना रक्तस्रावाचा त्रास झाल्याची नोंद आहे.

म्हणून बाटली हातात घेतली की पुढची बाजू नंतर, मागची आधी वाचा. पूरक आहार म्हणून विकत असतील तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक हवा आणि "औषधी वापरासाठी नाही" असं छापलेलं हवं. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख हवी. "१०:१" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ दहा किलो बीपासून एक किलो अर्क. पाचशे मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे पाच ग्रॅम बी झाली. चूर्णाच्या चमच्याच्या हिशेबाने चार कॅप्सूल घेणारे मी पाहिले आहेत. "मधुमेह बरा करतो" अशी जाहिरात असेल तर ती बाटली जागेवरच ठेवा. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मधुमेह बरा करण्याच्या दाव्याची जाहिरातच बेकायदा ठरवली आहे. जो कायदा मोडून विकतो तो बाटलीत काय भरत असेल, याचा विचार करा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा आजार किंवा ठरलेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर कुठल्याही बीचा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी तो थांबवा.

दरवर्षी जूनमध्ये आमची आई बिया चोळायला बसते आणि आबा टरफलं सोलतात. सकाळी आधी गोळी, मग न्याहारी, मग अर्धा चमचा चूर्ण कोमट पाण्यातून, असा त्यांचा क्रम ठरलेला आहे. खिशात एक शाळेची वही असते. तिच्यात तीन रकाने आखलेत: तारीख, गोळी घेतली का, साखर किती. दर तीन महिन्यांनी ती वही ते डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवतात, आणि चूर्णाचा रकाना का नाही असं मागच्या खेपेला डॉक्टरांनीच विचारलं, तेव्हापासून चौथा रकानाही आखला आहे.